'ऑफेन्डेड' झालात? आधी सांगा कुठं लागलं

नमस्कार मंडळी. या वेळची पत्रं वेगवेगळ्या गावांहून आलीत पण फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की इंग्रजीत आपण 'आय ॲम ऑफेन्डेड' म्हणून मोकळे होतो ते डचमध्ये नेमकं कसं म्हणायचं. डिक्शनरीत एक शब्द मिळतो, तो टाकला की समोरचा माणूस एकदम गंभीर होतो नाहीतर गोंधळतो, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. म्हणून व्याकरणाचे आणि परीक्षेचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा अंक सगळा राग, रुसवा आणि मानपानाचा. डच शब्द देवनागरीत लिहिलेत, त्यातला 'ख' घशातून खरवडून काढायचा, उर्दूतल्या खबरमधल्यासारखा, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न : ताई, माझी तासगावजवळ द्राक्षबाग आहे. आम्ही काही बागायतदार मिळून युरोपला माल पाठवतो. रॉटरडॅमकडच्या एका खरेदीदाराने मेलमध्ये लिहिलं की तुमच्या लोकांना पॅकिंगची पर्वाच नाही. ओ, आमच्या पॅकहाऊसमधल्या बायका दिवसभर उभं राहून एकेक घड कात्रीनं साफ करतात, वजन बघतात, मग पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत, भरतात. मला त्याला त्याच्याच भाषेत लिहायचंय, 'आय वॉज क्वाइट ऑफेन्डेड बाय युवर रिमार्क'. मोबाईलवर टाकलं तर 'बहोरलक बलेडिख्त' असं आलं. पाठवू का?

उत्तर : नका पाठवू दादा, निदान तसंच्या तसं नका पाठवू. बलेडिख्त हा शब्द चुकीचा नाही, पण तो जड आहे. त्याच्या मुळाशी अपमान करणं आहे, आणि त्याचंच नाम, बलेडिखिंग, डच फौजदारी कायद्यात गुन्हा म्हणून आहे, कलम 266. ड्युटीवरच्या पोलिसाला शिवी दिली तर तिथं हेच कलम लागतं आणि शिक्षा वाढते. म्हणजे धंद्याच्या मेलमध्ये तुम्ही 'इक बेन बलेडिख्त' लिहिलंत तर समोरच्याला असं वाटणार की तुम्ही माझा अपमान केलाय आणि आता मी मागे हटणार नाही, असं तुम्ही म्हणताय. तुम्हाला पुढच्या सीझनला पण त्यालाच माल द्यायचा असेल ना?

खरी अडचण डचमध्ये नाहीये, ती इंग्रजी शब्दातच आहे. ऑफेन्डेड या एका शब्दात इंग्रजीनं चार-पाच वेगळ्या भावना कोंबल्यात, आणि डच भाषेनं त्या वेगवेगळ्या ठेवल्यात. मजेची गोष्ट अशी की मराठीनं पण त्या वेगळ्याच ठेवल्यात. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की इंग्रजी वाक्य समोर ठेवून डच शोधत बसू नका, आधी स्वतःला मराठीत विचारा की मला झालं काय. अपमान झाला, म्हणजे चारचौघांत मान गेला, तर बलेडिख्त. मन दुखावलं तर खक्वेट्स्त. स्वाभिमानाला खोल ठेच बसली, जी महिनोन्‌महिने जात नाही, तर खक्रेंक्त, हा जरा पुस्तकी आहे पण योग्य जागी फार नेमका बसतो. दुसऱ्यावर किंवा आपल्यावर अन्याय झाला म्हणून संताप आला, तर फरओन्टवार्डख्त. आणि कुणीतरी मर्यादा सोडून बोललं, वागलं, ते पाहवलं नाही, तर आनस्टोट नेमन, त्यात तुमचा वैयक्तिक अपमान झालाच पाहिजे असं नसतं.

आता तुमचं बघा. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, सगळं त्या बायकांबद्दल लिहिलंय. म्हणजे तुमचा अपमान झाला हे खरं दुखणं नव्हेच, आमच्या माणसांना असं बोलणं बरोबर नाही हे आहे. मग तेच लिहा : 'यूव ओपमर्किंग ओव्हर द मेन्सन डी हीर इनपाकन फिन्त इक ओन्टरेख्त. डी हेफ्त ओन्स खक्वेट्स्त.' इथं जी माणसं पॅकिंग करतात त्यांच्याबद्दलचं तुमचं बोलणं मला अन्याय्य वाटतं, त्यानं आमचं मन दुखावलं. दोन छोटी वाक्यं आहेत, पण डच माणसाला ती पूर्ण कळतील, आणि त्याच्या खाली लगेच पॅकिंगचे फोटो, वजनाच्या नोंदी, जे काय असेल ते जोडा. यातला ओन्टरेख्त हा शब्द पाठच करून ठेवा, अयोग्य, अन्याय्य असा अर्थ, त्यात रडगाणं पण नाही आणि दमदाटी पण नाही.

दोन बारक्या गोष्टी अजून. एक, तुमच्या वाक्यातलं 'क्वाइट'. ब्रिटिश माणूस ते 'जरासं' म्हणून पण वापरतो आणि 'चांगलंच' म्हणून पण, तुम्हाला यातलं कुठलं म्हणायचं होतं ते ठरवा, नाहीतर सरळ गाळा. दोन, डचमध्ये 'पाकहाऊस' म्हटलं की गोडाऊन समजतात, त्यामुळे मी वर पॅकिंग करणारी माणसं असंच लिहिलंय.

आणि हो, 'तुम्ही' की 'तू' हे पण बघा. इंग्रजीत यू एकच आहे, डचमध्ये आपल्यासारखं दोन, मानाचं 'यु' आणि जवळिकीचं 'य' किंवा 'याय'. तो खरेदीदार आतापर्यंत तुमच्याशी 'य' वापरत असेल आणि तुम्ही आज अचानक 'यु'वर गेलात तर शब्द काहीही असोत, तुम्ही दुरावलात हे त्याला तिथंच जाणवेल. आपल्याकडे एरवी 'तू' म्हणणारी बायको रागावली की 'आपण काय ते ठरवलंच असेल' म्हणते, तसंच. मी वर 'यूव' घेतलंय ते तुमचा व्यवहार औपचारिक आहे असं धरून, तसं नसेल तर तिथं 'याऊ' घाला.

प्रश्न : मॅडम, आम्ही मिरजेत सतारी बनवतो, वडिलोपार्जित काम आहे. रॉटरडॅमला भारतीय संगीत शिकणाऱ्या एकीने सतार मागवली होती, पोचायला उशीर झाला. तिचा डचमध्ये मेसेज आला, त्यात 'ओन्टस्टेम्ट' असा शब्द होता, भाच्याने मोबाईलवर भाषांतर केलं तर 'बेसूर' आलं. आम्ही लगेच लिहिलं की प्रवासात तारा उतरतात, परत लावून घ्या. त्यावर तिचं उत्तरच नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमची काहीच चूक नाही, शब्दच तसा आहे. ओन्टस्टेम्ट म्हणजे सूर उतरलेलं वाद्य हे खरंच, पण तोच शब्द माणसाला लावला की नाराज, मन बिघडलेला असा अर्थ होतो. वाक्यात पुढे 'ओव्हर' आलं होतं का बघा, 'ओन्टस्टेम्ट ओव्हर द फरत्राखिंग' असं काही असेल तर ती उशिराबद्दल नाराज होती, सतारीबद्दल तक्रार नव्हती. तुम्ही तारांबद्दल लिहिल्यावर तिला वाटलं असणार की हे लोक माझं ऐकूनच घेत नाहीयेत.

हा शब्द सभ्य आहे, शिकल्या-सवरलेल्या माणसाच्या तोंडचा. इंग्रजीत 'आय वॉज अ बिट पुट आउट' म्हणतात ना, म्हणजे चिडलो नाही, भांडायला आलो नाही, पण मला हे आवडलेलं नाही, त्याला सगळ्यात जवळचा डच शब्द हाच. 'पुट आउट'चे तुकडे करून 'आउटखझेट' केलंत तर घोटाळा होईल, कारण त्याचा अर्थ मशीन बंद केलं किंवा माणसाला देशाबाहेर घालवलं असा होतो. तिला आता एवढंच लिहा : 'हेट स्पाइट ओन्स डाट हेट झो लांग डूर्ड.' इतका वेळ लागला याचं आम्हाला वाईट वाटतं. सतारीबद्दल मग वेगळं विचारा, आणि मला खात्री आहे ती मनापासून उत्तर देईल, कारण सतार मागवणारं माणूस मिरजेच्या कारागिराशी फार दिवस अबोला धरू शकत नाही.

प्रश्न : माझं वय 71, विश्रामबागेत राहते. नातू आम्स्टलफेनला वाढतोय, मराठी बोलतो पण आपापसात डचच. परवा व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं की आजीला कोण विचारतंय, तर तो बापाला काहीतरी बोलला आणि माझा लेक हसायला लागला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, 'ओमाच्या पायाची बोटं लांब आहेत' असं म्हणाला तो. माझ्या पायाच्या बोटांचा काय संबंध? आणि आजीला असं बोलतात का?

उत्तर : आजी, तुमच्या पायाच्या बोटांना कुणी काही म्हटलेलं नाही. 'लांग टेनन हेबन', लांब बोटं असणं, म्हणजे लवकर वाईट वाटून घेणं. बोटं लांब असली की येता-जाता कुणाचा ना कुणाचा पाय पडणारच, अशी ती कल्पना आहे. शिवी नाही, मोठ्या माणसाबद्दल घरात सहज म्हणतात, आपण 'आजी लगेच मनाला लावून घेते' म्हणतो तेवढंच ते.

पण तुमच्या प्रश्नामुळे एक फार सुंदर दार उघडलं म्हणून जरा सविस्तर लिहिते. डच माणसाचा अपमान बघा कुठं कुठं लागतो. 'ओप झन टेन्त्यस खट्राप्त', म्हणजे पायाच्या बोटांवर कुणीतरी पाय दिला, माणूस दुखावला. 'टेखन द स्खेनन स्खोपन', नडगीवर लाथ मारणं, म्हणजे मुद्दाम एखाद्याला लागेल असं बोलणं किंवा वागणं. 'टेखन हेट झेर बेन', आधीच दुखऱ्या पायावर लागलं, हे आपल्या वर्मावर बोट ठेवण्याच्या अगदी शेजारचं. मग वर या, 'फोर हेट होफ्त स्टोटन', डोक्यावर आपटणं, एखाद्याला तोडून बोलून दुखावणं, बोलावणं नाकारलं, दिलेली भेट परत केली की हे वापरतात. आणि माझा सगळ्यात आवडता, 'इन हेट फर्केर्ड केलखाट स्खीटन', चुकीच्या नळीत गेलं. आपण जेवताना ठसका लागतो तेव्हा म्हणतो ना तसंच, बोलणाऱ्याचा हेतू सरळ असतो पण ऐकणाऱ्याच्या घशात ते भलतीकडेच जातं आणि तो भडकतो. इंग्रजीत 'टुक इट द राँग वे' म्हणतात ते सपक वाटतं याच्यापुढे. अजून एक आहे, जरा जुना, 'इन झन वीक खस्खोटन', पंखात गोळी लागली, म्हणजे पाखरासारखा माणूस घायाळ झाला, मान दुखावला गेला.

म्हणजे त्यांचं बरंचसं गुडघ्याच्या खाली. आपलं कुठं असतं? नाकावर राग, नाक मुरडणं, नाकाला मिरच्या झोंबणं, तोंड फुगवणं, जिव्हारी लागणं, काळजाला घरं पडणं. आपलं बरंच नाकात आणि काळजात. म्हणून डच म्हण मराठीत आणताना अवयव सांभाळत बसू नका, 'माझ्या नडगीवर लाथ बसली' असं मराठीत लिहिलं तर लोक हळद लावायला सांगतील.

इथं इंग्रजीतून जाणाऱ्यांसाठी एक धोक्याची जागा आहे. इंग्रजीत पण पायाच्या बोटांवर पाय देणं आहे, पण तिथं त्याचा अर्थ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कामात, अधिकारात नाक खुपसणं असा असतो, डचमध्ये मात्र दुखावणं असाच. ऑफिसातलं 'आय डोन्ट वॉन्ट टू स्टेप ऑन युवर टोज' डचमध्ये न्यायचं तर बोटं सोडून द्यायची आणि पाण्यात उतरायचं, 'इन इमान्त्स फारवाटर झिटन', दुसऱ्याच्या बोटीच्या वाटेत येणं. कालव्यांच्या देशात हे सुचणारच.

आणि 'टेन्त्यस'मधलं ते शेवटचं 'त्यस' सोडू नका. तो लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, छोटी छोटी बोटं. त्यामुळे दुसऱ्याबद्दल बोलताना त्यात थोडी चेष्टा येते, 'बाई लगेच रुसल्या' अशी. तुम्हाला स्वतःला खरंच लागलं असेल तर लहानपणा काढा आणि नुसतं 'टेनन' म्हणा, नाहीतर गंभीर तक्रार खेळकर होऊन बसेल.

राहता राहिला नातू. तो तुम्हाला लांब बोटांची म्हणाला आणि तुम्हाला ते आवडलं नाही, तर त्याला तसं सांगायचं साधं डच वाक्य देते, तिथल्या घरांत मुलांना हेच सांगतात : 'डाट फोन्त ओमा नीट ल्योक.' आजीला ते आवडलं नाही. पुढच्या कॉलला म्हणून बघा, तो चकित होईल.

प्रश्न : नो ऑफेन्स! डचमध्ये काय म्हणायचं? (जयसिंगपूर रस्त्यावरून रोज सांगलीला कॉलेजला येणारी एक)

उत्तर : 'नीट क्वात बडुल्ट', वाईट हेतूनं म्हटलं नाही. किंवा 'नीट फरफेलन्त बडुल्ट'. शब्दाला शब्द लावून 'खेन ओव्हरट्रेडिंग' केलंस तर त्याचा अर्थ 'नियम मोडलेला नाही' असा होईल, कारण ओव्हरट्रेडिंग म्हणजे सिग्नल तोडण्यासारखा किरकोळ गुन्हा, आणि फुटबॉलमधला फाऊल पण. समोरच्यानं तुला म्हटलं तर उत्तर 'खेफ्त निक्स', काही हरकत नाही. तुझ्या वयाची डच पोरं सरळ इंग्रजीतलं 'नो ऑफेन्स'च म्हणतात बऱ्याचदा, त्यामुळे अडलं तर तेही चालेल, पण मोठ्या माणसांसमोर नको. आणि मराठीत आपण आधी 'राग मानू नका पण' म्हणतो आणि मग बोलतो, डचमध्ये पण 'नीट क्वात बडुल्ट, मार...' असं आधी येतं, हे 'मार' म्हणजे 'पण', मारामारीचं नाही.

प्रश्न : मी कराडहून फ्रीलान्स भाषांतर करते, इंग्रजी-डच. एका ॲपच्या नियमावलीचं काम आलंय, त्यात 'ऑफेन्सिव्ह' हा शब्द पानोपानी आहे, ऑफेन्सिव्ह लँग्वेज, ऑफेन्सिव्ह इमेज, ऑफेन्सिव्ह टू अ कम्युनिटी. सगळीकडे 'ओफेन्सीफ' वापरलं तर एकसारखं राहील, क्लायंटला एकसारखं हवंय. बरोबर ना?

उत्तर : नाही, आणि हे काम देण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत. डचमध्ये ओफेन्सीफ म्हणजे चढाईचं, आक्रमणाचं, सैन्याचं ओफेन्सीफ असतं, फुटबॉल टीम ओफेन्सीफ खेळते. चित्राला ओफेन्सीफ म्हटलं तर वाचणाऱ्याला काही बोधच होणार नाही.

एकसारखेपणाचा आग्रह इथं सोडायला लागेल, आणि क्लायंटला तुम्ही कारण देऊन सांगा, चांगला क्लायंट ऐकतो. भाषेबद्दल असेल तर 'ख्रोफ', म्हणजे शिवराळ, असभ्य. एखाद्या माणसाला उद्देशून असेल तर 'बलेडिखन्त'. समाजगटाच्या भावना दुखावणारं असेल तर 'क्वेट्सन्त', पण तेच कलमाच्या भाषेत असेल तर सांभाळा, डच फौजदारी कायद्यात 137 क हे एखाद्या गटाचा वंश, धर्म वगैरेवरून जाहीर अपमान करण्याबद्दल आहे आणि त्याला 'ख्रूप्सबलेडिखिंग' म्हणतात, तिथं बलेडिखिंगच लागेल. चित्रांना, म्हणजे नग्नता वगैरे, 'आनस्टोटखेव्हन्त' हाच शब्द. यात तुमची चांगली सोय अशी की चारही शब्द नियमावलीत रुळलेले वाटतात, ओढूनताणून आणलेले वाटत नाहीत.

त्याच कामात पुढे 'ऑफेन्स' हा गुन्ह्याच्या अर्थानं आला तर परत वेगळं, किरकोळ असेल तर ओव्हरट्रेडिंग, गंभीर असेल तर मिसड्रायफ, डच कायद्यात हे दोन कप्पे अधिकृतपणे वेगळे आहेत. 'वी टेक एक्सेप्शन टू' आलं तर अपवादाचा शब्द शोधायला जाऊ नका, तिथं हरकत आहे, 'बझ्वार'.

राजाच्या अपमानाचं तुम्ही ता.क.मध्ये विचारलंय, तर हो, नेदरलँड्समध्ये तो अजून गुन्हा आहे, 'मायेस्टाइट्सस्खेनिस' म्हणतात लोक त्याला, पण 1 जानेवारी 2020 पासून त्याची जास्तीत जास्त शिक्षा 5 वर्षांवरून 4 महिन्यांवर आणली. जुन्या मजकुरावरून काम करत असाल तर हा आकडा तपासा.

प्रश्न : 'टू ॲड इन्सल्ट टू इंज्युरी', डचमध्ये? बलेडिखिंग आणि जखम दोन्ही घ्यायचं का? (सातारा)

उत्तर : दोन्ही सोडायचं. 'टोट ओव्हरमात फान राम्प', संकटात भर म्हणून. एसटी चुकली आणि वर पाऊस पण आला, तिथं हे चालतं. पण एखाद्यानं मुद्दाम दुखावलेल्याला अजून दुखावलं असेल, तर 'झाऊट इन द वोन्ड', जखमेवर मीठ, ते डचमध्ये जसंच्या तसं आहे, आपल्यासारखंच.

प्रश्न : ताई मी वाईची, डच शिकतेय, सरावासाठी एका इंग्रजी गोष्टीचा डच अनुवाद करतेय. त्यात दोन बहिणी आहेत, एक चिडून ताडताड निघून जाते, 'शी लेफ्ट इन अ हफ', दुसरी नंतर दोन दिवस बोलत नाही, 'शी वॉज सल्किंग', आणि मग 'शी गेव्ह हर द कोल्ड शोल्डर'. मला तिन्हीला 'बोस' हाच शब्द सुचतोय आणि वाचताना सगळं सपाट लागतंय.

उत्तर : सपाट लागतंय हे तुला कळलं, अर्धं काम तिथंच झालं. बोस म्हणजे नुसता राग, त्यात चाल नाही, चेहरा नाही. बेल्जियमकडच्या डचमध्ये रागाला बोसपेक्षा 'क्वात' जास्त ऐकू येईल, ते पण तसंच साधं.

पहिल्या बहिणीला 'ओप होख पोटन' दे. उंच पाय करून, म्हणजे जनावरानं पाय ताणून चालावं तशी रागानं गेली. पण बघ हं, हे बहुतेकदा जाब विचारायला कुणाकडे तरी जातात तेव्हा वापरतात, 'ओप होख पोटन' मास्तरांकडे गेली, असं. तुझी बहीण नुसतीच घराबाहेर पडत असेल तर 'खपिकेर्ट' बरं, हा फ्रेंचातून आलेला शब्द, थोडा तोऱ्याचा, नाक उडवून जाणाऱ्या बाईला छान शोभतो.

दुसरीला 'मोकन'. हा अगदी आपला रुसून बसणंच, तोंड पाडून कोपऱ्यात, जेवायला हाक मारली तरी यायचं नाही. ओठ बाहेर काढून लहान मूल रुसतं त्याला 'प्राउलन'. इथं मला नेहमी वाटतं की डचकडे रुसणाऱ्याचे शब्द आहेत पण रुसवा काढणाऱ्याचे तितके नाहीत, आपल्याकडे समजूत घालणं, मनधरणी करणं, रुसवा काढणं हे सगळं आपापल्या जागी आहे, त्यामुळे तुझी गोष्ट पुढे समेटाकडे गेली की तिथं एका शब्दाऐवजी तुला कृती लिहावी लागेल, चहा करून समोर ठेवला, केसांत हात फिरवला, असं. ते वाईट नाही, उलट बरं होईल.

आणि खांदा डचमध्ये मान होतो, 'मेट द नेक आनकायकन', मानेनं बघणं, म्हणजे तोंड फिरवून पाठीकडून बघणं. एवढं कडवट नको असेल तर 'लिंक्स लाटन लिखन', डाव्या हाताला पडू देणं, दुर्लक्ष करणं. बहिणी आहेत म्हणून मी दुसरं घेईन, पहिल्यात तुच्छता येते.

प्रश्न : 'इफ द कॅप फिट्स' आणि 'सावर ग्रेप्स'? (पलूस)

उत्तर : टोपी डचमध्ये बूट होते, 'वी द स्खून पास्त, ट्रेक हेम आन', ज्याच्या पायात बसेल त्यानं घालावा. आपलं 'खाई त्याला खवखवे'. दुसरं तर पलूसवाल्यांनी विचारायचं म्हणजे काय, 'द ड्राउव्हन झाइन झ्यूर', द्राक्षं आंबट आहेत, तीच कोल्ह्याची गोष्ट, तिथं पण. पण हे चिडल्या-दुखावल्याबद्दल नाही, मिळालं नाही म्हणून नावं ठेवण्याबद्दल आहे, दोन्ही एकात मिसळू नका.

प्रश्न : सातारचा मी, शाळेतून रिटायर झालो. मुलगा आइंडहोवनला नोकरीला आहे. त्याच्या साहेबाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, हे प्रेझेंटेशन चांगलं नव्हतं. मुलाला झोप नाही. तो म्हणतो 'ही वॉज रूड, आय फील ह्युमिलिएटेड'. डच सहकारी त्याला सारखं 'ट्रेक हेट य नीट आन' म्हणतात, त्याने अजून चिडतो तो, त्याला वाटतं हे लोक अंगावर घेऊ नको म्हणून उडवून लावतात. मी बाप म्हणून काय सांगू? आणि साहेबाला तो काही बोलला तर कोणत्या शब्दात?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. चारचौघांत कमीपणा आला की काय होतं हे आपल्याला शिकवायला नको, आणि परक्या मुलखात एकट्यानं ते सोसायचं म्हणजे अजून जड, त्यामुळे मुलाला झोप नाही यात मला काहीच नवल वाटत नाही.

आधी त्या सहकाऱ्यांबद्दल. 'ट्रेक हेट य नीट आन' मधलं आनट्रेकन म्हणजे कपडा अंगात घालणं. ते म्हणतायत की हे बोलणं तू अंगात घालू नकोस, मनाला लावून घेऊ नकोस. हे उडवून लावणं नाही, तिथं जवळचा माणूस धीर देतो तो याच शब्दांत देतो.

साहेबाबद्दल मात्र मुलाला एक गोष्ट नीट तपासायला सांगा. डचमध्ये फुटबॉलवरून आलेलं बोलणं आहे, 'ओप द बाल, नीट ओप द मान', चेंडूवर खेळा, माणसावर नको. साहेब प्रेझेंटेशन चांगलं नव्हतं म्हणाला असेल तर ते चेंडूवर होतं, तिथं कामातली उणीव तोंडावर सांगायची पद्धत आहे आणि सांगणाऱ्याच्या मनात त्यात अपमान नसतो. तू कामाचा नाहीस, असं म्हणाला असेल तर ते माणसावर गेलं, आणि ते तिथंही खपवून घेत नाहीत. मुलगा 'ह्युमिलिएटेड' म्हणतो त्याचा डच शब्द 'फर्नेडर्ट', तो दुसऱ्या प्रकाराला आहे, पहिल्याला लावला तर साहेबाला धक्का बसेल. 'रूड'ला पण नीट बघा, 'ओनबलेफ्त' म्हणजे उद्धट, आणि 'ब्रुटाल' म्हणजे आगाऊ, पोरासोरांना म्हणतात ते, इंग्रजी ब्रूटलसारखा ऐकू येतो म्हणून साहेबाला चुकूनही लावू नये.

मुलगा बोलणार असेल तर जरूर बोलू दे, मनात ठेवून कुढण्यापेक्षा ते शंभरपट बरं, आणि तिथं साहेबाला एकट्यात गाठून असं बोलणं यात काही वावगं नाही. वाक्य हे : 'इक फोन्त हेट फरफेलन्त डाट य डाट झाइ वार इडरेन बाइ वास.' तुम्ही ते सगळ्यांसमोर म्हणालात हे मला त्रासदायक वाटलं. फरफेलन्त हा फार कामाचा शब्द आहे, त्यात आरोप नाही, पण लागलंय हे लपवलेलंही नाही. त्याच्या पुढे लगेच विचारायचं, 'वाट कान बेटर?', काय अजून चांगलं करता येईल? साहेबाला 'य' म्हणावं की 'यु' हे त्या ऑफिसात बाकीचे काय म्हणतात त्यावर ठरवावं.

आणि तुम्ही त्याला डचमध्ये काही सांगायला जाऊ नका सर. फोन केलात की मराठीतच विचारा, सगळ्यांसमोर बोलला म्हणून लागलं का रे, की खरंच प्रेझेंटेशन बिघडलं होतं म्हणून लागलं? याचं उत्तर त्यानं तुम्हाला दिलं की साहेबाला द्यायचे शब्द तो स्वतः निवडू शकेल.